ससाण्याची न्याहारी

आईनं अरबाबांच्या ससाण्याला कोंबडीची कलेजी भरवली तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ओरडून थांबवायला हवं होतं. पण तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही. उलट हसू आलं. आमची आई अशीच आहे.

इथं आखातात अरबाब म्हणजे मालक. हमरिया फ्री झोनमधल्या ज्या कारखान्यात माझा नवरा काम करतो, त्याचे हे म्हातारे मालक. तिथे सगळे त्यांना समोर अरबाब म्हणतात आणि पाठीमागेही अरबाबच म्हणतात, यावरून माणूस कसा असेल ते समजा. दर थंडीत ते ससाणे घेऊन शिकारीला जातात. हल्ली इथं मोकळ्या रानात शिकारीला बंदी आहे. परवाना काढून राखीव जागेत जायचं आणि पिंजऱ्यात वाढवलेले हुबारा पक्षी तिथले लोक सोडतात, त्यांच्यावर ससाणा उडवायचा. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ. या जानेवारीत त्यांनी नवऱ्याला सांगितलं, फॅमिलीला घेऊन ये, आणि तुझ्या त्या पुण्याच्या मित्रालाही.

झालं! आमच्या अल बर्शाच्या टू बीएचकेमध्ये दोन दिवस नुसतं ब्रीफिंग. अरबाबांसमोर पाय पसरून बसायचं नाही. गहवा, म्हणजे इथली कॉफी, उजव्या हातानं घ्यायचा. काही मागायचं नाही, काही नाकारायचं नाही. "आणि आईंना जरा सांभाळ," नवरा म्हणाला. मी भडकले. "माझी आई काय लहान बाळ आहे?" त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्या महिन्यात रिन्यू व्हायचं होतं आणि त्याच्या डिपार्टमेंटमधल्या दोघांना आधीच निरोप दिला गेला होता. रात्री उठून तो फ्रीज उघडायचा, काही न घेता बंद करायचा.

आई तेव्हा कोल्हापूरहून व्हिजिट व्हिसावर आली होती. शिकारीला जायचं म्हटल्यावर तिला कोण आनंद! आदल्या दिवशी लुलू सुपरमार्केटमधून तीन कोंबड्या आणवल्या, स्वतः मसाला लावला. कलेजी मात्र वेगळी काढून ठेवली, बिनमसाल्याची, नातवाला तव्यावर परतून द्यायला. आमच्या घरी एक रीत आहे. मटण-कोंबडी असेल त्या दिवशी माणसांच्या ताटात काही पडायच्या आधी कलेजीचा एक तुकडा दारातल्या जनावराला जातो. कुत्रं असो, मांजर असो, जे असेल ते. आईचं लग्न झालं तेव्हापासून यात खंड नाही. इथं बाराव्या मजल्यावर कुठलं आलंय जनावर? आल्यापासून तिची त्यावरून चुळबुळ चालली होती.

पहाटे निघालो. अल ऐनच्या रस्त्याला लागून मग आत, ओमानच्या हद्दीकडे. उजाडताना पोचलो. वाळू, मधूनमधून घाफची झाडं, आणि एका मोठ्या झाडाखाली तंबू, गालिचे, शेकोटी. घाफच्या पलीकडे ठेंगण्या खुंटांवर दोन ससाणे बसवलेले, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. शिकारीला मादीच उडवतात. त्यातली करड्या पाठीची अरबाबांची लाडकी, सहा हिवाळे त्यांच्यासोबत असलेली.

ससाण्यांना सांभाळणारा माणूस बलुची होता. साठी उलटलेला, मेंदी लावलेली दाढी, बोलणं इतकं हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. सगळे त्याला चाचा म्हणत. बावीस वर्षं तो अरबाबांकडे होता. नवऱ्यानं वाटेत सांगितलं होतं की चाचाचा व्हिसा अरबाब दरवर्षी खास ओळख लावून वाढवून घेतात, नाहीतर या वयाला इथं कोण ठेवून घेतं? गावाकडं त्याचं कुणी उरलेलं नाही म्हणे. जे काही होतं ते इथंच, पक्ष्यांच्या खोलीशेजारच्या खोलीत.

चाचा हात-तोंड धुवायला पाण्याच्या टाकीकडे गेला होता तेव्हा आईनं डबा उघडला. मी दहा पावलांवर चटया झटकत होते. ती करड्या पाठीच्या मादीसमोर उकिडवी बसली, कलेजीचा तुकडा तिच्या चोचीला टेकवला. टोपीखालून दिसत काही नव्हतं, पण वास आला असणार. गपकन घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

"बघ की कशी खातीया," आई माझ्याकडं बघून म्हणाली. "उपाशी ठेवलंय गं पाखरू. डोळं बांधल्यात ते बांधल्यात, वर उपाशी!"

"एक तुकडा द्यायचा असतो ना? अख्खा डबा कशाला रिकामा करतेस?" मी म्हटलं.

"असू दे. कवापासनं कुणाला घातलं न्हवतं."

मी हसले. "हात धू," म्हटलं आणि चटया घातल्या. एवढंच.

मग गहवा आला, खजूर आले, अंडी आणि गरम खमीर ब्रेड आला. पुण्याचा मित्र आणि त्याची बायको पक्के शाकाहारी, त्यांनी थालीपिठांचा डबा काढला. अरबाबांनी त्यातलं एक मागून घेतलं आणि "गुड, व्हेरी गुड" करत सगळं संपवलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. आमचा पंधरा वर्षांचा चिरंजीव अरबाबांशेजारी मांडी ठोकून बसला होता. घरी आमच्याशी दोन शब्द बोलत नाही, इथं प्रश्नांवर प्रश्न. पळून नाही का जात? बांधून का नाही ठेवत? परत कशी येते?

अरबाबांना हिंदी आमच्यापेक्षा चांगलं येतं. हसून म्हणाले, "भूक से आती है, हबीबी. प्यार-व्यार कुछ नहीं. चाचा रोज सुबह तोलता है. तीस ग्राम भी ऊपर गया तो नहीं उड़ाना. पेट भर गया तो वो किसी की नहीं. मैं कौन, चाचा कौन, खलास!"

"सो शी'ज ऑलवेज हंग्री? दॅट्स सॅड," चिरंजीव म्हणाला.

मी हातातला घास खाली ठेवला. आईकडं पाहिलं. तिला यातलं अर्धं कळलं नव्हतं. ती मित्राच्या बायकोला मसाल्याचं प्रमाण सांगत होती. आता सांगावं का? अरबाबांना? सगळ्यांदेखत? माझ्या आईनं तुमच्या लाखमोलाच्या पाखराला कोंबडी चारली म्हणून? नवऱ्याकडं पाहिलं. तो अरबाबांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मी ठरवलं, चाचाला गुपचूप सांगायचं. तो काय ते बघेल. उठले, घाफच्या पलीकडं गेले. चाचा तिथंच होता, करड्या पाठीच्या मादीसमोर वाकून तिच्या गळ्याखालचा भाग बोटानं चाचपत. खाल्लेलं तिथं आधी साठतं, हे मला नंतर कळलं. त्यानं वर पाहिलं. मग चटईवरच्या आमच्या डब्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

"चाचा, सब ठीक है ना?" मी विचारलं.

तो थोडा वेळ थांबला. मी बोलेन म्हणून थांबला होता, आता मला स्पष्ट कळतं. "देखते हैं, बेटी," म्हणाला.

मी मागे फिरले. का? अजून सांगता येत नाही. एवढं सोपं होतं!

चाचा अरबाबांपाशी गेला. "आज दूसरी को उड़ाएँ, अरबाब. इसको रहने दें." अरबाब बोलण्याच्या रंगात. "क्यूँ? सुबह वज़न ठीक था ना?" "ठीक था." "फिर? मेहमान इसको देखने आया है. यल्ला, यल्ला!" त्यांनी हातमोजा चढवला आणि स्वतःच पक्षी उचलला. चाचानं पुन्हा तोंड उघडलं, पण कारण सांगायचं तर पाहुण्याचं नाव घ्यावं लागणार होतं. तो बाजूला झाला.

लांब वाळूत हुबारा सोडला. मातकट रंगाचा, धावत सुटलेला, मग पंख उघडून उडालेला. अरबाबांनी पक्ष्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली. ससाणी झेपावली आणि मला वाटलं, जमलं, झालं, देवा वाचवलंस. हुबारा तिच्या खालून गेला. तिनं त्याच्याकडं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. वर गेली, अजून वर गेली, एक मोठं वळण घेतलं आणि दूरच्या विजेच्या टॉवरवर जाऊन बसली.

चाचानं गळ्यातली शिटी वाजवली. दोरीला बांधलेलं पंखांचं आमिष गरागरा फिरवलं. ती बघत होती म्हणे, दुर्बिणीतून दिसत होतं. पाचेक मिनिटं बसली, पंख साफ केले. मग उठली आणि पूर्वेला गेली, डोंगरांकडं, ओमानकडं.

पाठीवर ट्रान्समीटर होता. अरबाबांच्या फोनवर ठिपका सरकताना दिसत होता. पुरुषमंडळी दोन गाड्यांत बसून ठिपक्यामागं धावली. आम्ही बायका आणि चिरंजीव तंबूपाशी. मी बसू शकेना. शेकोटीत काटक्या घालायची, पुन्हा उठायची, फोनला रेंज आहे का बघायची. नवऱ्याला मेसेज केला, "मिळाली का?" उत्तर नाही. पुन्हा केला. मित्राची बायको म्हणाली, "अगं, एवढं काय टेन्शन घेतेस, तुझा पक्षी आहे का?" मी तिच्या अंगावर खेकसले. तिची नंतर माफी मागितली, पण तेव्हा माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. आई विचारत राहिली, "काय झालंय गं? का पळाल्यात समदी?" मी म्हटलं, "पक्षी लांब गेलाय, आणतील." तिनं मनावर घेतलं नाही. चूल मांडून कोंबडी भाजायला बसली.

दुपारी परत आले. ठिपका हद्दीपलीकडं गेला होता. फोनवर दिसत होता, एका जागी थांबलेला, आणि मध्ये कुंपण. अरबाबांनी तिकडच्या ओळखीच्या माणसाला फोन केला होता, पण त्यांचा चेहरा खडूच्या भुकटीसारखा झाला होता. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी चाचाला उभं केलं, सगळ्यांसमोर.

"किसने खिलाया उसको?"

मी तंबूच्या दारात होते. चाचानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदाच. त्यात राग नव्हता. तो मला विचारत होता.

मी जमिनीकडं पाहिलं.

"मैंने, अरबाब," चाचा म्हणाला. "सुबह वज़न के बाद. ग़लती हो गई."

अरबाब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. अरबीत हळू काहीतरी म्हणाले, मग हिंदीत, बहुधा आम्हालाही कळावं म्हणून. "बाईस साल में पहली बार तूने ऐसा काम किया. अब बूढ़ा हो गया तू. सामान बाँध. इसी हफ़्ते भेज दूँगा घर." कुठलं घर? हे तिथं कुणी विचारलं नाही. नवरा माझ्या शेजारी आला, कुजबुजला, "अरे बापरे, वाचलो. मला वाटलं आपल्यातल्याच कुणाच्या तरी अंगावर येतंय की काय." मी त्याला काहीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, गप्प बस. आणि मग मी त्याच्यामुळे गप्प बसले असं मला म्हणता आलं असतं.

जेवायला बसलो. मोठ्या थाळीत भात, त्यावर बकरा, शेजारी आईची कोंबडी. पुरुष एकीकडं, आम्ही एकीकडं, मध्ये नुसता कापडाचा पडदा, तोही वर बांधलेला. आईनं इकडं तिकडं बघितलं. "ते दाढीवालं म्हातारं कुठाय? सकाळपास्नं त्येनं काय खाल्लं न्हाई." मी म्हटलं, "त्याचं काम चाललंय." "काम असलं म्हणून काय झालं?" तिनं ताट वाढलं आणि निघाली. मी तिचा पदर धरला. "आई, बस ना. इथं असं चालत नाही." "माणसाला जेवायला घालायला काय चालायचंय?" तिनं पदर सोडवून घेतला.

घाफच्या पलीकडं ती चाचासमोर बसलेली मला दिसत होती. तो पिशवीत हातमोजे, शिट्या, टोप्या भरत होता. आईचं हिंदी म्हणजे कोल्हापुरीला "है" लावलेलं, पण माणसाशी बोलायला तिला भाषा आडवी येत नाही. बराच वेळ बोलली. एकदा तिनं कपाळाला हात लावला. मग ताट तिथंच ठेवून उठली आणि सरळ आमच्यावरून पलीकडं पुरुषांच्या बाजूला गेली. मी "आई!" म्हणेपर्यंत अरबाबांपुढं उभी.

"मालक, वो चाचा झूट बोलता है," ती म्हणाली. "उसने नहीं खिलाया. मैंने खिलाया. कोंबडी का कलेजी. पाखरू भूका था."

भाताचे हात तिथंच थांबले. नवऱ्याचा चेहरा मी बघू शकले नाही. अरबाब उठून उभे राहिले. त्यांच्यात वडीलधारी बाई उभी असेल तर बसून बोलत नाहीत.

"आपको मालूम नहीं था, अम्मा," ते म्हणाले.

"नहीं मालूम था. पण मैंने किया. उसको मत भेजो. उसका कोई नहीं उधर, वो बोला मेरे को. भेजना है तो मेरे को भेजो, मेरा तिकीट वैसे भी पंधरा दिन में है."

कुणीतरी हसलं. मग अरबाबही, थोडंसं. त्यांनी चाचाला हाक मारली आणि तो आल्यावर अरबीत चांगलंच झापलं. खोटं का बोललास म्हणूनच असणार. चाचा खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मेहमान थीं, अरबाब." अरबाबांनी त्याच्या खांद्यावर एक जोरात चापट मारली आणि आपल्या थाळीशी बसवला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मग अरबाब आईकडं वळले. सहज विचारावं तसं विचारलं, "आपने खिलाया, किसी ने देखा नहीं? रोका नहीं?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "मैं अकेली थी," म्हणाली. "कोई नहीं था."

आणि मी पडद्यापाशी उभी होते. चाचा भात कालवत होता. त्याचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला. मी आताही बोलू शकत होते. चाचाला आता काही होणार नव्हतं, आईलाही नाही. जे काही व्हायचं ते माझं व्हायचं होतं. थोडी लाज, नवऱ्याचा चार दिवसांचा अबोला. तेवढंसुद्धा मला पेललं नाही.

परतताना गाडीत नवरा आईचं कौतुक करत होता. "आई, तुम्ही म्हणजे कमाल केलीत!" चिरंजीव म्हणाला, "आजी, यू वर सो ब्रेव्ह." ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर डबे घासताना ती माझ्याशी बोलली, पाठमोरीच.

"परक्या माणसाम्होरं मी आजपातूर खोटं बोलले न्हवते गं," म्हणाली. "त्या माणसानं माझ्यापायी सोसलं. मी तुझ्यापायी बोलले. पर तू काय गं केलंस?"

मला वाटलं होतं, मी चिडेन. मी कशावरही चिडते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. चिडता आलं नाही. "सॉरी" म्हटलं. "मला काय सॉरी म्हणतीस," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

ससाणी तिसऱ्या दिवशी मिळाली. भूक लागली आणि ओमानमधल्या एका मेंढपाळाच्या कुंपणावर येऊन बसली. चाचा स्वतः कागदपत्रं करून घेऊन आला. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. आई कोल्हापूरला गेली. सगळं सुरळीत झालं म्हणून नवऱ्यानं ऑफिसात बर्फी वाटली, आणि मला रात्ररात्र झोप नाही. चाचाला फोन करावा म्हणून नंबर मिळवला, तीनदा लावला, रिंग जायच्या आधीच बंद केला. काय सांगणार? त्याला माहीतच आहे.

परवा अरबाबांचं पुढच्या थंडीचं आमंत्रण आलं. अम्माला नक्की आणा, तिच्याशिवाय येऊ नका, असा निरोप. नवरा खूश. मला म्हणाला, लगेच फोन लाव, तिकीट आत्ताच बुक करू, स्वस्त पडेल. लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं. पाखरू बरं हाय का, म्हातारं बरं हाय का, विचारलं.

"येते की," म्हणाली. "पर तिथं गेल्यावर, तू बघत हुतीस ते मालकाला सांगणार असशील तर येते. न्हाईतर मला त्या मालकाच्या थाळीत जेवायला लावू नगंस."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. ती पलीकडं वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

नवऱ्यानं सोफ्यावरून विचारलं, "काय म्हणतायत आई? येतायत ना?"

"इन्शाल्ला," मी म्हटलं.